कोरलेल्या अक्षरांत रंग

लेथच्या डायलवरचे आकडे किंवा दारावरच्या पितळी पाटीवरचं नाव कालांतराने पुसट दिसू लागतं. कोरीव काम शाबूत असतं, फक्त खाचांतला रंग गेलेला असतो. तो घरीही भरता येतो.

खरी मेहनत सफाईची. खाचेत तेलाचा अंश राहिला की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून जुन्या टूथब्रशने, थिनर लावून कोपरे घासा. खिडक्या मात्र उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको. पितळ चकाकवायचं असेल तर तेही आधीच, कारण पॉलिशची पांढरी भुकटी नंतर खाचेत अडकते.

मग एनॅमल रंग अक्षरांत दाबून भरा, बाहेर पसरला तरी चालेल. तो थोडा आवळला, की लाकडी ठोकळ्यावर ताणून गुंडाळलेलं, टर्पेंटाइनने जेमतेम ओलावलेलं कापड अक्षरांना आडवं फिरवा. नुसत्या बोटाने पुसू नका. बोट खाचेत शिरतं आणि रंग उचलून आणतं.

जुने कारागीर पाटी तापवून रंगीत लाख वितळवत आणि थंड झाल्यावर वरचा थर घासून काढत. ते काम फार देखणं दिसतं. मात्र वापरात तापणाऱ्या भागावर लाख नको, ती मऊ पडते.