कागदी संघाचा मॅनेजर

पुस्तकी क्रिकेट तुम्ही कधी खेळला आहात काय? एखादे जाडसे पुस्तक घ्यायचे, न बघता उघडायचे आणि डाव्या हाताच्या पानाचा शेवटचा आकडा पाहायचा. दोन, चार किंवा सहा आले तर तितक्या धावा, आठ आले तर एक, आणि शून्य आले की गडी बाद! मैदान नको, चेंडू नको. माढ्याला मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडणे म्हणजे तव्यावर पाय ठेवणे. तेव्हा आम्हां पोरांना हा खेळ मोठाच आधार होता. पुस्तक मात्र पारखून घ्यावे लागे. आमच्या इतिहासाच्या पुस्तकाची शिवण उसवली होती, ते सारखे एकाच पानावर उघडे. एका सामन्यानंतर ते आम्ही बाद केले.

१९९३ च्या सुट्टीत आम्ही आठ जणांनी एक लीगच काढली. प्रत्येक जण एका संघाचा मॅनेजर. प्रत्येकापाशी शंभर गुण, आणि त्यांतून लिलावात खेळाडू विकत घ्यायचे. नामांकित फलंदाजाला आम्ही ‘जीवदान’ ठेवले होते, म्हणजे त्याचे पहिले शून्य माफ. काही थोडे गडी ‘अठ्ठ्याचे’ होते. त्यांना आठ आकड्यावर एक नव्हे, पुऱ्या आठ धावा मिळत. सामना पाच षटकांचा, म्हणजे पुस्तक तीस वेळा उघडायचे. प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक, असे सात सामने. आणि हंगाम संपल्यावर ‘उत्कृष्ट मॅनेजर’ म्हणून वर्गणीतून आणलेला एक शाईचा पेन.

त्या वर्षी विनोद कांबळीने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली होती. लिलावात त्याच्यावर उड्या पडल्या. जीवदानाचे तीन फलंदाज घेऊन मी माझे गुण संपवले. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मित्राने मात्र स्वस्तात अठ्ठ्याचा कपिल देव घेतला आणि त्याला सलामीला पाठवला. कपिल सलामीला! आम्ही पोट धरधरून हसलो. तो म्हणाला, “हसा लेको, तीस पानांत जीवदान काय कामाचं?” सात सामन्यांत मी सहा जिंकले, त्याने तीन. पेन अर्थातच मला मिळाला.

असल्या लीगा जगात पुष्कळ आहेत. (फोनवर पैसे लावून खेळण्याच्या लीगांविषयी मी बोलत नाही, त्यांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच कायदा करून बंदी घातली.) अमेरिकेत १९६१ साली हाल रिचमन नावाच्या माणसाने ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा बेसबॉलचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड, त्यावर त्याच्या गेल्या हंगामातल्या कामगिरीवरून बसवलेले आकडे, आणि तीन फासे. एक फासा कोणत्या कार्डाचा कोणता रकाना पाहायचा ते सांगतो, उरलेल्या दोघांची बेरीज चेंडूचे काय झाले ते सांगते. मित्रमंडळी जमवून माणसे वर्षानुवर्षे अशा लीगा चालवतात आणि हंगामाअखेर आपल्यातल्या उत्तम मॅनेजरला गौरवतात. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे हिशेबनीस नव्हे बरे का. बाकावर बसून कोणाला कधी उतरवायचे, कोणाला कधी काढायचे हे ठरवणारा तो.

खऱ्या बेसबॉलमध्येही, १९८३ पासून, वृत्तपत्रांचे क्रीडालेखक दर वर्षी असा मॅनेजर मत देऊन निवडतात. २००६ साली काय झाले पाहा. फ्लॉरिडा मार्लिन्स हा सर्वांत कमी पगारखर्चाचा संघ. जो गिरार्डी त्यांचा नवा मॅनेजर. संघाने ७८ सामने जिंकले आणि ८४ गमावले. ऑक्टोबरात मालकांनी गिरार्डीला घरी पाठवले, आणि नोव्हेंबरात लेखकांनी त्यालाच त्या वर्षीचा उत्कृष्ट मॅनेजर ठरवले! लेखकांनी निकाल पाहिला नाही. हाती काय होते आणि त्यातून काय उभे केले, ते पाहिले. मला हे पटते.

पण हे मोजायचे कसे? बिल जेम्स या अभ्यासकाने एक सोपी रीत सांगितली आहे. संघाच्या धावांचा वर्ग घ्या आणि त्याला, दोन्ही संघांच्या धावांच्या वर्गांची बेरीज करून, भागा. ८०० धावा केल्या आणि ७०० दिल्या, तर १६२ सामन्यांत सुमारे ९२ विजय यायला हवेत. एखाद्याचे ९८ आले तर सहा विजय मॅनेजरच्या डोक्याचे, असे म्हणावेसे वाटते. इथेच माणूस फसतो. निव्वळ नाणे उडवून १६२ सामने लावले, तरी ८१ विजयांच्या आसपास सहाएक विजयांचा चढउतार अगदी सहज होतो. मग सात सामन्यांच्या आमच्या लीगची काय कथा!

प्रत्यक्ष खेळात आणखी एक गुंता असतो. गुरू शिष्याला घडवतो. रमाकांत आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हा तेंडुलकर आणि कांबळी यांनी १९८८ साली शाळेच्या सामन्यात केलेली ६६४ धावांची अभंग भागीदारी साऱ्यांना ठाऊक होती. त्यांत गुरूचे किती आणि पोरांचे उपजत किती, हे कोण वेगळे करणार? कागदी लीगमध्ये हा प्रश्न उरत नाही. कार्ड सुधारत नाही, बिघडत नाही. कोणाच्या हाती काय होते, ते लिलावाच्या वहीत लिहिलेले असते. म्हणून तिथे तरी पुरस्कार निर्णयाला द्यावा, निकालाला नव्हे.

पुढे मी अर्थशास्त्रात एम.ए. झालो आणि मुलांना संख्याशास्त्र शिकवू लागलो. एके दिवशी संभाव्यतेचा पाठ चालू असता फळ्यावर ती लीग मांडली आणि खडू हातातच राहिला. पाच उघडण्यांत सरासरी एक शून्य. म्हणजे तीस उघडण्यांत सहा गडी बाद. दहाही गडी बाद होण्याची पाळी क्वचितच येणार. मग एक गडी गेला तर बिघडले काय? पुढचा तितक्याच धावा करणार. माझी तिन्ही जीवदाने फुकट होती! आणि कपिल मात्र सलामीला येऊन दर सामन्यात सरासरी सात धावा जास्तीच्या देत होता. एवढ्या जोरावर त्याने तीनातले दोन सामने जिंकायला हवे होते. सातांत तीनच किंवा त्याहून कमी येणे, हे पाच-सहा हंगामांतून एकदा घडायचेच. ते नेमके त्या हंगामात घडले.

पेन चुकीच्या खिशात गेला, याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते पुढच्या वर्षीचे. १९९४ च्या लिलावात उरलेल्या सातही जणांनी माझे अनुकरण केले. जीवदानाचे भाव दुप्पट झाले, कपिलला कोणी बोलीच लावली नाही. पेन ज्या रीतीला मिळाला ती रीत शहाणपणाची, एवढे आम्ही सगळे शिकलो. आणि ज्याने एकट्याने खरा हिशेब केला होता, त्यानेही तो टाकून दिला.

तो मित्र आता माढ्याजवळच ऊस आणि डाळिंब करतो. मागे एकदा बांधावर बसून मी त्याला हे सारे गणित समजावून सांगितले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “ते मला तवाच ठावं होतं की. पण मग दुसऱ्या वर्षी मी कांबळी कशापायी घेतला असंल, सांग.”

त्या दुसऱ्या वर्षी तो सहावा आला होता, मी सातवा.