उभी गाडी म्हणजे कपाट नव्हे

(सामुदायिक रेडिओवरील ‘आमचं घर, आमचं अंगण’ या सदरातील भाषण)

रेडिओ चालू आहे म्हणून कान देऊन बसलेल्या दादा-भावजींनो, आजचे बोलणे खरे तर तुमच्यासाठीच जास्त आहे.

आज आम्ही पापड-लोणच्यांबद्दल बोलणार नाही, गटाच्या हप्त्यांबद्दलही नाही. आज विषय आहे बंदुकीचा. बायकांचा आणि बंदुकीचा काय संबंध, असे कुणाला वाटेल. आपल्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाची बंदूक बऱ्याच घरांत आहे. माकडे नारळ पाडतात, रानडुक्कर एका रात्रीत भाताचा कुणगा उलथापालथा करतात. म्हणून कुणाच्या सासऱ्यांनी, कुणाच्या आजेसासऱ्यांनी परवाना काढलेला असतो. परवाना त्यांच्या नावावर असला, तरी ज्या घरात ती बंदूक राहते तिथे आम्ही राहतो. ज्या गाडीतून ती फिरते त्या गाडीत आम्ही मुलांना बसवतो.

गेल्या चतुर्थीची गोष्ट. आमच्यातल्या एकीच्या घरी मुंबईची मंडळी आली होती. आम्ही सगळ्या मोदकांना बसलो होतो. बाहेर खळ्यात घरची जीप उभी होती आणि पोरे आत बसून गाणी लावत होती. इतक्यात सात वर्षांचा एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, “काकी, सीटमागची बंदूक खरी आसा?”

हातातली पारी तिथेच टाकून आम्ही पळालो. मागच्या सीटमागे गोणपाटात गुंडाळलेली एकनळी होती. गोणपाट अर्धे सुटले होते आणि दुसरा मुलगा दस्ता ओढत होता. “अरे, तेका हात लाव नको!” एवढेच आमच्या तोंडून निघाले. भावजी आले, त्यांनी नळी उघडली. आत काडतूस होते.

पहाटे बागेत डुक्कर आले म्हणून ते गेले होते. परत आले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले. त्यांना विचारले तर म्हणाले, “वहिनी, घरात पोरे आहेत म्हणूनच गाडीत ठेवली.”

मैत्रिणींनो, या वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. भावजी निष्काळजी माणूस नाहीत. मुलांचीच काळजी त्यांनी केली होती. पण घरातले कपाट कुलूपबंद असते, तशी गाडी बंद असते असे आपण धरून चालतो, आणि चूक तिथेच होते. गाडीची काच एका दगडाने फुटते. डॅशबोर्डच्या कप्प्याला कुलूप असले तरी ते नावालाच. किल्ली भिंतीच्या खुंटीला टांगलेली, घरातला कुणीही घेतो. मुलांना तर उभी गाडी म्हणजे खेळायची खोलीच वाटते. चोराला बंद गाडी ही बिनमाणसांची जागा वाटते. बंदूक चोरीला गेली, तर ती पुढे कुणाच्या हाती पडेल आणि तिने काय होईल, यावर आपला काही इलाज राहत नाही.

मग आम्ही चौघी पोलीस ठाण्यात गेलो. सोबत भावजींना घेतले आणि त्यांची परवान्याची वहीही घेतली. तिथल्या हवालदार ताईंनी ती पानापानाने वाचून दाखवली. खरे सांगतो, इतक्या वर्षांत ती वही आमच्यापैकी कुणी उघडलीच नव्हती. तिथे कळले ते सोपे करून सांगतो.

आपल्या देशात बंदुकीसाठी शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. नियम सांगतात की सार्वजनिक जागी बंदूक नेताना ती पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा हवा. आता विचार करा. गाडी स्टँडबाहेर उभी आहे, बंदूक सीटमागे आहे आणि परवानाधारक बाजारात बांगड्याचा भाव करतो आहे. त्याचा ताबा आहे कुठे? परवान्याची अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवानाही रद्द होऊ शकतो.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. समजा बंदूक गाडीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही किल्ली घेऊन एकट्याच माहेरी निघालात. वाटेत पोलिसांनी गाडी तपासली, तर तुमच्यापाशी विनापरवाना शस्त्र असल्याचा प्रश्न उभा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, शिवाय दंड. नवऱ्याची बंदूक आहे, हे उत्तर पुरत नाही. कायद्यात एक सवलत आहे. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी, त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो. समक्ष किंवा लेखी, हे दोन शब्द लक्षात ठेवा. ड्रायव्हरच्या भरवशावर बंदूक गाडीत सोडून जाणाऱ्यांनीही ठेवावेत.

तिसरे म्हणजे परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते वाचा. बांद्याहून पुढे पत्रादेवी ओलांडली की गोवा लागतो. आपला परवाना तिथे चालतो का, हे निघण्याआधी पाहायचे. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीवाचून शस्त्र नेताच येत नाही, मग ते डिकीत का असेना. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही भावजींना त्या दिवशी पुन्हा ऐकावे लागले!

आता करायचे काय? सगळ्यात चांगले म्हणजे बंदूक गाडीत सोडूच नये. बागेतून आलात की आधी बंदूक घरात, तिच्या कुलपाच्या जागी. मग हातपाय धुणे, मग चहा. लग्नाला, जत्रेला, दवाखान्यात जायचे असेल तर ती बरोबर घ्यायचीच नाही. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येईल का ते विचारा. निवडणुकीच्या वेळी आपण बंदूक जमा करून पावती घेतोच की! आणि जमा करायला निघालात तर सरळ ठाण्यात जा. वाटेत भजी खायला थांबलात तर एक जण गाडीत बसू द्या, आणि तो परवानाधारकच असू द्या.

प्रवासात खरोखरच नाइलाज झाला, तर या गोष्टी सांभाळा. बंदूक गाडीत ठेवण्याआधी रिकामी करा. नळी उघडून डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात ठेवा. बंदूक कुलपाच्या पेटीत आणि पेटी गाडीच्या सांगाड्याला साखळीने किंवा बोल्टने जखडलेली हवी. नुसते गोणपाट चालणार नाही. बाहेरून काही दिसता कामा नये, आणि चारचौघांसमोर पेटी उघडून बंदूक ठेवत बसू नये. किल्ल्या परवानाधारकाच्या कमरेला, खुंटीला नाही. परवानाही त्याच्याजवळच. रात्रभर तर कधीच ठेवू नका. वैशाखात बंद गाडी भट्टीसारखी तापते, पावसाळ्यात दमट होते. काडतुसांना दोन्ही वाईट.

ठासणीची बंदूक असेल तर दुप्पट सावध राहा. केप काढली म्हणजे ती रिकामी झाली असे नाही. दारू आणि छरे नळीत ठासलेलेच असतात. अशी भरलेली बंदूक कुठल्याही गाडीत ठेवू नये.

आणि एवढे करूनही गेलीच चोरीला, तर घाबरून लपवू नका. घरात शोधू, पाहुण्यांना विचारू, उद्या बघू, असे करत बसू नका. ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे ही परवान्याचीच अट आहे. बंदुकीचा क्रमांक एका कागदावर लिहून घरात ठेवा म्हणजे त्या वेळी शोधाशोध होणार नाही.

आता शेवटचे. हे सगळे विचारायचे कुणी? आपणच. मामंजींना कसे विचारायचे, भावजींना काय वाटेल, असा संकोच आम्हालाही होता. त्या दिवसापासून आम्ही तीन प्रश्न पाठ केले आहेत. रिकामी केलीत का? कुठे ठेवलीत? किल्ली कुणाकडे आहे? मुले गाडीत चढण्याआधी हे तीन प्रश्न विचारायचे. दुसऱ्याच्या गाडीतून जाताना, त्यांच्याकडे बंदूक आहे हे ठाऊक असेल, तर तिथेही विचारायचे. पहिल्यांदा भावजी हसले. आता जीप खळ्यात लावली की आम्ही विचारायच्या आत तेच ओरडून सांगतात, “वहिनी, रिकामी, कपाटात, माझ्या कमरेला!”

तो सात वर्षांचा मुलगा यंदाही चतुर्थीला येणार आहे. जीपमध्ये बसून गाणी लावणार आहे. खुशाल लावू दे. गाडीत गाण्यांशिवाय काही नाही, एवढे आम्ही पाहून ठेवू.