एकाच पक्षाचं राज्य आणि बाईची तक्रार

(बीड येथे झालेल्या कार्यकर्त्या शिबिरातील भाषण)



मागच्या शिबिरात केज तालुक्यातली एक मैत्रीण म्हणाली होती, "ताई, त्या चीनसारखं एकाच पक्षाचं राज्य पाहिजे. रोजची भांडणं मिटतील, टँकर तरी वेळेवर येईल." आपण हसलो आणि जेवायला उठलो. पण तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.ला असताना चीन म्हणजे माझ्यासाठी परीक्षेतला एक प्रश्न होता. तिच्यामुळे मी तो पुन्हा वाचायला घेतला.

तिथे १९४९ पासून कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आहे. एकशेचाळीस कोटींच्या देशात पक्षाचे सभासद दहा कोटींच्या आसपास. गाव असो, कारखाना असो, विद्यापीठ असो, पक्षाची समिती असतेच. आपल्या भाषेत सांगायचं तर कलेक्टरच्या वर पक्षाचा सेक्रेटरी. न्यायालयं आणि वर्तमानपत्रंही पक्षाच्याच हाताखाली. १९७८ नंतर बाजार खुला झाला, खाजगी कारखाने आले. पण मोठ्या बँका, तेल, रेल्वे सरकारकडेच राहिले. शेतजमीन गावाच्या सामूहिक मालकीची, कुटुंबाकडे फक्त कसायला. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा माहेरचा वाटा पुष्कळदा जातो आणि सासरी मिळेलच असं नाही. आहे की नाही ओळखीचं?

स्थलांतरही ओळखीचंच. शेती सोडून मजुरीला लागलेली माणसं तिथे तीस कोटींच्या घरात. पण १९५८ पासूनच्या नियमाने प्रत्येकाची नोंद मूळ गावची, आणि शाळा-दवाखान्याचा हक्क त्या नोंदीला बांधलेला. म्हणून लेकरं आजीपाशी. आपली टोळी दिवाळीनंतर उसाला निघते तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांच्या पदरात काय पडतं, ते वेगळं सांगायला नको.

न्यायाने बोलायचं तर त्या राज्याने बायकांसाठी काहीच केलं नाही असं नाही. १९५० च्या विवाह कायद्याने बालविवाह आणि मुलीचे पैसे घेणं बंद केलं. बायका शिकल्या, कामाला लागल्या, कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले. आपल्या जिल्ह्यात आजही पोरींची लग्नं चोरून उरकतात, तेव्हा नाक वर करून बोलायचं कारण नाही.

पण मग एक मूल धोरण आलं. १९८० च्या सुमाराला आलं ते २०१५ पर्यंत चाललं. वरून कोटा यायचा आणि तो पुरा करण्यावर अधिकाऱ्याची बढती. दिवस भरत आलेल्या बायकांचेही जबरदस्तीने गर्भपात झाले. त्या बाईने जायचं कुठे? कोटा पक्षाचा, कोर्ट पक्षाचं, छापखाना पक्षाचा आणि महिला संघटनाही पक्षाचीच! २०२१ पासून तोच पक्ष तीन मुलं होऊ द्या म्हणतो आहे. २०१५ मध्ये महिला दिनाच्या तोंडावर पाच मुलींना पकडून ३७ दिवस कोठडीत ठेवलं. बसमधल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर चिकटवायचं त्यांनी ठरवलं होतं, एवढंच. असली स्टिकरं आपण इथे किती चिकटवली असतील!

हे चीनमध्येच होतं असंही समजू नका. आणीबाणीत, १९७६ च्या जानेवारीत, शेजारच्या बार्शीत माणसं रस्त्यावरून धरून नेऊन नसबंदी केली. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूरही केलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधक तुरुंगात होते.

आता २०१९ आठवा. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, संघटनांनी आवाज उठवला, विधान परिषदेत प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यांची पिशवी कुणी परत दिली नाही, हे खरंच आहे. मतपेटी असूनही २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, हेही खरं. आणि पक्ष कितीही असोत, कारखाना, बँक, शाळा, जिल्हा परिषद एकाच घरात असली की त्या गावापुरता एकच पक्ष असतो. तिथे मुकादमाविरुद्ध बोलायला बाई घाबरते. मी अशा गावात काम केलंय. बैठकीला बोलावलं की बायका आधी विचारतात, मालकांना माहीत आहे का?

तर केजच्या ताई, तुमच्या टँकरचं. चीनमध्ये तो कदाचित वेळेवर येईल. नाही आला तर का नाही आला, हे तिथे विचारायचं कुणाला? इथे टँकरच्या खेपांची नोंद माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही. अर्ज एकीच्या नावावर नको, पाच-सात जणींनी वेगवेगळे करा, म्हणजे एकटीवर दबाव येणार नाही. जेवणानंतर मसुदा करायला बसू. ज्यांच्याकडे रेशनकार्डाची झेरॉक्स आहे त्यांनी ती काढून ठेवा.