आठवा ग्रह आणि यंत्राची पारख

आपल्या सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आणखी एका ताऱ्याच्या परिवारातही आठ ग्रह असल्याचे १४ डिसेंबर २०१७ रोजी जाहीर झाले. कालेय तारकासमूहातील हा तारा, केप्लर-९०, सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे सात ग्रह आधीच सापडले होते. आठवा माणसांच्या नजरेतून निसटला होता.

असा ग्रह प्रत्यक्ष दिसत नाही. तो ताऱ्यापुढून जाताना ताऱ्याचे तेज किंचित घटते, एवढीच त्याची खूण. दुरून कोणी पृथ्वीला सूर्यबिंबावरून जाताना पाहिले, तर ही घट दहा हजारांत एका भागाहूनही कमी भरेल! २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने सुमारे दीड लाख ताऱ्यांचे तेज चार वर्षे मोजले. परंतु परस्परांना झाकणारे जोडतारे, ताऱ्यांवरील डाग, खुद्द उपकरणातील दोष, हे सारेच ग्रहाचे सोंग घेऊ शकतात.

गूगल कंपनीतील ख्रिस्तोफर शॅल्यू आणि टेक्सास विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू वँडरबर्ग यांनी ही पारख संगणकाला शिकविली. नियम घोकून घेतले नाहीत. पूर्वी तपासून 'ग्रह' वा 'ग्रह नव्हे' असे शिक्के मारलेले सुमारे १५ हजार संकेत त्याच्यापुढे ठेवले. उत्तरांसह सोडविलेली वही विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, तसाच हा प्रकार. न पाहिलेल्या संकेतांवर परीक्षा घेतली, तेव्हा शंभरांत ९६ उत्तरे बरोबर आली. नंतर ग्रहमाला असलेले ६७० तारे तपासताना केप्लर-९० चा आठवा आणि केप्लर-८० चा सहावा ग्रह हाती लागला.

यंत्राने ग्रह शोधला, असे म्हणणे मात्र अर्धसत्य होय. यंत्राने बोट दाखविले. त्या संकेतामागे शेजारचा दुसराच तारा नाही ना, हे त्या दोघांनी गणिताने आणि छायाचित्रांच्या आधारे पडताळले. शंभरांत चार चुका थोड्या वाटतात खऱ्या, परंतु हजारो संकेतांत खरे ग्रह मोजकेच असतील, तेव्हा त्या चुकाच ग्रहांहून अधिक भरतात. शिवाय वहीतील उत्तर चुकलेले असेल, तर शिष्य तेही निष्ठेने गिरवतो.

केप्लरचे इंधन २०१८ साली संपले, मोजमापे राहिली. २०२१ साली एक्सोमायनर नावाच्या यंत्रप्रणालीच्या साहाय्याने त्यांतील ३०१ ग्रहांवर शिक्कामोर्तब झाले. निर्णय कोणत्या खुणांवरून दिला, हे तपासण्याची सोय तिच्यात मुद्दाम ठेवली होती.