‘क्लाउड’ आणि आपली अमानत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत आमची एक विद्यार्थिनी वडिलांसह माझ्याकडे आली. दहावीला तिने उत्तम गुण मिळविले होते. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागणारे दाखले मिळेनात. मूळ प्रती घर बदलताना गहाळ झालेल्या. “सर, सगळे क्लाउडवर आहे,” एवढेच ती सांगत होती. खाते एका सायबर कॅफेत उघडलेले, पासवर्ड तेथल्या माणसाने ठरविलेला आणि खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक घरच्यांनी केव्हाच बंद केलेला. कागद होते, पण हाती येत नव्हते. अर्जाची मुदत टळली. म्हणूनच हा विषय मी आज आपल्यापुढे मांडीत आहे.

क्लाउड म्हणजे ढग. परंतु आपले दाखले आकाशात नसतात. नेटवर्कचा नकाशा काढताना ज्या भागाचा तपशील दाखवावयाचा नसे, तेथे अभियंते ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, दूर ठेवलेले आणि आपण गरजेपुरते वापरावयास घेतलेले संगणक. असे हजारो संगणक जेथे रात्रंदिवस चालू असतात, त्या इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. मुंबई परिसरातही अशी केंद्रे आहेत.

तेथपर्यंत आपण पोहोचतो ते नेटवर्कमुळे, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यामुळे. टपालाचे उदाहरण घेऊ. माहिती मागणारा आपला मोबाईल हा ‘क्लायंट’, ती पुरविणारा संगणक हा ‘सर्व्हर’. जाळ्यावरील यंत्राचा पत्ता म्हणजे ‘आयपी ॲड्रेस’. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो. त्या नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे ‘डीएनएस’. माहिती लहान लहान तुकड्यांत जाते, ती ‘पॅकेट्स’. प्रत्येक पॅकेटला पुढची वाट दाखविणारा तो ‘राउटर’.

क्लाउडच्या सेवा मुख्यतः तीन प्रकारच्या. वलीम्याच्या जेवणावरून त्या चटकन ध्यानात येतील. नुसती जागा, वीज आणि पाणी भाड्याने घेतले, बाकी सारे आपले, तर ती ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ सेवा. चूल, डेगी आणि भांडी तयार मिळाली, बिर्याणी मात्र आपणच शिजविली, तर ती ‘प्लॅटफॉर्म’ सेवा. आणि वाढलेले ताटच समोर आले, तर ती ‘सॉफ्टवेअर’ सेवा. आपण रोज वापरतो ते ई-मेल या तिसऱ्या प्रकारात मोडते.

ही व्यवस्था भक्कम असली तरी ती माणसांनी बांधलेली आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालील केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका डेटा सेंटरला आग लागली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, अशा अनेकांची माहिती कायमची गेली. अशा दुसऱ्या प्रतीलाच ‘बॅकअप’ म्हणतात.

बंधु-भगिनींनो, अमानत म्हणजे काय हे आपणास शिकविण्याची गरज नाही. दागिना दुसऱ्याकडे ठेवताना तो कोणाकडे ठेवला आणि परत कसा मिळेल, हे आपण पाहतोच. मुलांच्या दाखल्यांबाबतही तेच करा. खाते स्वतःच्या चालू क्रमांकावर उघडा. पासवर्ड स्वतः ठरवा, वहीत लिहून घरात जपून ठेवा आणि कोणासही सांगू नका. क्रमांक बदलण्यापूर्वी खात्यातील नोंद बदला, कारण सोडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्याला मिळतो. शासनाची डिजिलॉकर ही सोय २०१५ पासून आहे. तिचा लाभ घ्या. एक प्रत क्लाउडवर, एक पेनड्राइव्हमध्ये आणि मूळ कागद कपाटात, एवढी शिस्त पुरे.

विद्यार्थी मित्रहो, हे शब्द केवळ पाठ करू नका. आज घरी जाऊन आई-वडिलांना समजावून सांगा आणि त्यांच्यासमोर आपली खाती तपासा. ती मुलगी आज शिकत आहे. परंतु त्या वर्षाची फी तिच्या वडिलांनी कर्ज काढून भरली. अशी वेळ आपल्यापैकी कोणावरही न येवो, इतकीच दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.