नाकेबंदी कुणाची, झळ कुणाला?

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



पेपरात एखाद्या देशावर निर्बंध घातल्याची बातमी येते. कधी इराण, कधी रशिया, कधी उत्तर कोरिया. आपण वाचतो आणि पान उलटतो. थोरामोठ्यांचे भांडण, आपला काय संबंध? संबंध आहे. आपण ज्या मातीवर बसलो आहोत, तिचीच एकदा अशी नाकेबंदी झाली होती.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले पाचही जिल्हे मात्र निजामाच्या संस्थानात राहिले. निजामाला वेगळा देश हवा होता. समुद्र नाही, बंदर नाही, चारी बाजूंनी हिंदुस्थान. 29 नोव्हेंबर 1947 ला वर्षभरासाठी जैसे थे करार झाला. पाठोपाठ निजाम सरकारने हिंदुस्थानी रुपयाचे चलन बंद केले आणि पाकिस्तानला 20 कोटींचे कर्ज दिले. गावोगाव कासिम रझवीच्या रझाकारांचा धुडगूस चालू होताच. मग बाहेरून येणारा माल अडू लागला. दिल्ली म्हणे, आमची अधिकृत नाकेबंदी नाही. हैदराबादचे पंतप्रधान लायक अली म्हणत, मीठ, औषधे, पेट्रोल, सारे तोडले आहे. कागदावर काहीही असो, माल येत नव्हता.

निजामी राजवट जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. तिच्याविरुद्ध लढताना ज्यांनी जीव दिला ते आपलेच आजे-पणजे. पण हिशेब मांडायचा तर खरा मांडावा. नाकेबंदीने निजामाचे काय अडले? सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक 1948 साली कराचीहून रात्री विमाने भरून हत्यारे आणत होता. बीदरला, वरंगळला उतरवत होता. आडनाव पाहा, कॉटन! हा कापूस आभाळातून सरहद्द ओलांडत होता. त्याला कोण अडवणार? कास्तकाराच्या गाडीपुढे मात्र निजामाच्या करोडगिरीचा नाका आडवा होता.

आणि झळ कुणाला बसली? ज्वारी घरची होती, तीही निजामाची लेव्ही घालून उरेल तेवढी. पण कोरड्यासात घालायचे मीठ काही रानात पिकत नाही. निजामाच्या मुदपाकखान्यात मीठ कमी पडले असे मी तरी कुठे वाचलेले नाही. शेवटी राजवट पडली ती मिठावाचून नव्हे. 13 सप्टेंबर 1948 ला फौज आत शिरली. 16 ला हैदराबादचे शिष्टमंडळ सुरक्षा परिषदेत तक्रार मांडत होते आणि 17 ला निजाम शरण आला.

हे एकट्या हैदराबादचे नाही. कुवेत गिळला म्हणून 6 ऑगस्ट 1990 ला सुरक्षा परिषदेने इराकवर निर्बंध घातले. सद्दाम हुसेन त्यानंतर जवळपास 13 वर्षे गादीवर होता. इराकी माणूस रेशनच्या पिठावर जगला.

आता दुसरी बाजू. मे 1998 मध्ये आपण पोखरणला अणुस्फोट केले, पाकिस्तानने चगाईला केले. अमेरिकेने दोघांवरही निर्बंध लादले. त्यात गव्हाच्या विक्रीला लागणारी सरकारी पतहमीही अडकली. पाकिस्तान हे तिकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या गहू उत्पादकांचे मोठे गिऱ्हाईक. पाकिस्तानची गहू खरेदीची निविदा 15 जुलैला होती. ते शेतकरी आणि त्यांचे खासदार हटून बसले. 14 जुलैला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शेतमालाला सूट देणाऱ्या कायद्यावर सही केली. निविदेच्या आदल्या दिवशी! अणुबाँबचा राग दोन महिनेही गव्हापुढे टिकला नाही. मला त्या शेतकऱ्यांचा हेवा वाटतो, राग नाही.

आपल्या कापसाचे काय झाले? पाकिस्तानच्या गिरण्या आपला कापूस घेत. ऑगस्ट 2019 मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर पाकिस्तानने व्यापार तोडला. 31 मार्च 2021 ला तिथल्या आर्थिक समितीने भारताचा कापूस आणि साखर घ्यायला मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने तो निर्णय फिरवला. त्या एका दिवसात आपल्याकडून कुणी तोंड उघडले? तिथला गिरणीवाला ओरडला, इथला कापूसवाला गप्प. बोललो असतो तर देशद्रोही ठरलो असतो, ही भीती.

बरे, हा तरी परका देश. 5 मार्च 2012 आठवा. त्या दिवशी दिल्लीने कापसाची निर्यात बंद केली. ही नाकेबंदी कोणत्या शत्रूवर होती? कापूस घरात गंजी लावून पडला होता आणि घरातले लेकरू रात्रभर अंग खाजवत होते. ओरड झाली, आठवडाभरात बंदी मागे घेणे भाग पडले. पण ज्याने त्याच आठवड्यात सावकाराच्या तगाद्याने कापूस विकला, त्याला उरलेले पैसे कुणी आणून दिले नाहीत.