होम रिसॉर्ट सोडून, दोन दिवसांत रूम: बाबांच्या टाइमशेअरची गोष्ट

(या एपिसोडमध्ये बोललेलं सगळं इथे लिहून देतोय. लोकलच्या गर्दीत ऐकू आलं नसेल तर वाचून घ्या.)

मी भिवंडीतून बोलतोय. मागे लूमचा आवाज येतोय, तो घालवता येत नाही. आमच्या गल्लीत तो बंद झाला की लोक दचकून उठतात.

आजचा विषय टाइमशेअर. म्हणजे मॉलमध्ये तुम्हाला कुणीतरी थांबवतं, एक फॉर्म भरून घेतं, मग फोन येतो, "सर, तुम्हाला गिफ्ट लागलंय, फक्त मिसेसना घेऊन या." तेच ते. तुमच्यापैकी अनेकांच्या आईबाबांनी कधीतरी हे घेतलेलं असणार. फाइल कपाटात वर कुठेतरी पडलेली असेल. हा एपिसोड त्या फाइलसाठी आहे.

आमच्याकडे ती फाइल २०१६ साली आली. बाबा लूमच्या कारखान्यात मेहताजी आहेत. सुताचा हिशेब, ताग्यांचा हिशेब, कामगारांचा पगार, सगळं त्यांच्याकडे. ठाण्याला जेवणाचं कुपन घ्यायला गेले आणि पंचवीस वर्षांची मेंबरशिप घेऊन आले. साडेतीन लाख, हप्त्यांनी. वर्षाला सात रात्री. होम रिसॉर्ट गोव्यात. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आजचा मुद्दा कंपनी नाहीये.

मुद्दा हा की नऊ वर्षांत आम्ही दोनदा गेलो. फक्त दोनदा!

का? तर लूमवाल्याला सुट्टी आधी कळत नाही. सूत महाग झालं, माल उठला नाही, मालकाने मशीन बंद ठेवली, की आदल्या दिवशी कळतं, "उद्यापासून येऊ नका." आणि गोव्याची रूम हवी तर चार-पाच महिने आधी बुक करा. बाबा प्रत्येक वेळी फोन करायचे, "गोवा फुल आहे सर" ऐकायचे आणि फाइल परत कपाटात ठेवायचे.

आता यंदाच्या जुलैत काय झालं ते सांगतो.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. आईचं एकच म्हणणं, "त्याआधी एकदा वणीला देवीच्या पायाशी जाऊन येऊ." मंगळवारी रात्री बाबा घरी आले आणि म्हणाले, "मशीन हलवायचीयेत, गुरुवार ते रविवार कारखाना बंद." ऑपरेशन त्याच्या पुढच्या आठवड्यात. म्हणजे जायचं तर याच चार दिवसांत. आईला एका दिवसात जाऊन-येऊन करणं जमणार नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, ती फाइल काढा."

बाबा म्हणाले, "अरे, आपलं तर गोव्याला आहे ना? वणीच्या बाजूला आपल्याला कोण देणार?"

तेव्हा मला कळलं. नऊ वर्षं बाबांना वाटत होतं की होम रिसॉर्ट म्हणजे फक्त तिथेच जायचं. समजावून सांगताना त्या माणसाने गोव्याचे फोटो दाखवले होते, बाकीचं बारीक अक्षरात होतं.

तर आधी ही सिस्टिम कशी चालते ते थोडक्यात. ही कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग नावाची कंपनी निघाली, पुष्कळ लोकांनी मिळून सुट्टीची घरं वापरायची. पण दर वर्षी एकाच ठिकाणी जाऊन माणूस कंटाळतो. म्हणून १९७४ साली अमेरिकेत आरसीआय निघाली, तिचं काम अदलाबदल: तू तुझा आठवडा दे, दुसऱ्याचा घे. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ पासून आहे आणि महिंद्राची क्लब महिंद्रा १९९६ पासून. काही योजनांत ठरलेलं रिसॉर्ट असतं, काहींत फक्त सीझन आणि रूमचा आकार ठरलेला असतो. क्लब महिंद्रात तर सीझनला रंग आहेत, जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा सगळ्यात महाग.

ज्या योजनेत होम रिसॉर्ट असतं, तिथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्या ठिकाणी बुकिंगसाठी तुमचा नंबर आधी लागतो. बस. ती खिडकी संपली की उरलेल्या रूम सगळ्यांसाठी खुल्या होतात. म्हणजे दुसऱ्यांच्या होम रिसॉर्टमधल्या उरलेल्या रूम तुम्हालाही मिळू शकतात. तुमच्या करारात हे कसं लिहिलंय ते एकदा नीट वाचा.

आणि इथे आपल्या फायद्याची गोष्ट येते. रिकामी रूम हा नाशवंत माल आहे. आजची रात्र गेली की गेली, उद्या विकता येत नाही, भाजीसारखं. त्यामुळे तारीख जवळ आली की रिसॉर्टलाही ती भरायची घाई असते. शिवाय पाच महिने आधी बुक केलेल्यांपैकी कुणाचं तरी मूल आजारी पडतं, कुणाची रजा रद्द होते. ती रूम परत यादीत येते. ऐकायला बरं वाटत नाही, पण ऐनवेळची आपली सुट्टी ही दुसऱ्या कुणाचीतरी मोडलेली सुट्टी असते.

मग प्रश्न असा की ती परत कधी येते?

मी इंजिनिअर. मला वाटलं, सोपं आहे, स्क्रिप्ट लिहितो, दर दोन मिनिटांनी साइट तपासेल. लिहिली, चालवली. चाळीस मिनिटांत बाबांचं लॉगिन ब्लॉक! कस्टमर केअरला फोन केला, तिथल्या ताई म्हणाल्या, "सर, कुणीतरी मशीनने लॉगिन करतंय." मी म्हटलं, "हो का?" अटी वाचल्या तर स्पष्ट लिहिलेलं, असं करायचं नाही. तर तुम्हीही करू नका. बीटेकची किंमत त्या रात्री मला कळली.

पण त्याच अटी वाचताना कामाची ओळ सापडली. आमच्या योजनेत चेक-इनच्या ४८ तास आधी रद्द केलं तर रात्री खात्यात परत मिळतात, त्यानंतर कापल्या जातात. चेक-इन दुपारी २ ला. म्हणजे ज्याला जायचं नाही तो माणूस कधी रद्द करेल? आपण सगळे लाइट बिल कधी भरतो? शेवटच्या दिवशी. तसंच. शुक्रवारची रूम सुटायची तर बुधवारी दुपारी २ च्या आत. दिवसभर डोळे लावून बसायची गरज नाही, त्या एक-दोन तासांत बघायचं. तुमच्या योजनेत ही मुदत ७ दिवस असेल, १५ असेल. ती शोधा आणि मोबाईलमध्ये अलार्म लावा. अख्ख्या एपिसोडमधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

दुसरी गोष्ट. जागा, तारीख आणि रूमचा आकार, या तिन्ही गोष्टी मनासारख्या ऐनवेळी मिळत नाहीत. एक तरी सोडावी लागते. आम्ही दोन सोडल्या.

जागेचं आधी. गोवा विसरलो आणि नकाशा उघडला. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर. आणि आमणे कुठे? आमच्या भिवंडी तालुक्यात! आजवर कसारा घाटातल्या ट्रकांच्या मागे तास-तास काढणाऱ्या माणसाला नाशिक एकदम जवळ आलं. नाशिकच्या पुढे वणी, आणि त्याच रस्त्याने आणखी पुढे सापुतारा. आमच्या योजनेतलं एक रिसॉर्ट तिकडेच होतं. तुम्हीही यादी बघताना रिसॉर्टचं नाव बघू नका, घरापासून गाडीने किती तास ते बघा. दोन दिवसांत विमानाचं तिकीट परवडत नाही.

मग तारीख. शनिवार शोधत होतो. पावसाळ्यात सापुताऱ्याला शनिवार? विसरा. पण गुरुवारची एक रूम सरळ मिळत होती. आम्ही शुक्रवार-शनिवारचा हट्ट सोडला आणि गुरुवार-शुक्रवार धरला. आता गुरुवारची रूम होती, शुक्रवारची नव्हती. इथे लोक सोडून देतात, कारण सलग दोन रात्री शोधल्या की साइट "उपलब्ध नाही" म्हणते. एकेक रात्र वेगळी शोधा. मी गुरुवार लगेच बुक केला. बुधवारी दुपारी मीटिंगमध्ये म्यूटवर होतो, १ वाजून ५० मिनिटांनी शुक्रवारची रूम आली. पण स्टुडिओ. आमचा हक्क वन बेडरूमचा. घेतली!

मग थेट रिसॉर्टच्या रिसेप्शनला फोन केला. कॉल सेंटरला नाही, तिथल्या माणसाला. म्हटलं, "आई-बाबा आणि मी, आईचे गुडघे दुखतात, दोन रात्री दोन बुकिंग आहेत, एकच रूम ठेवता का? तळमजल्यावर?" ते म्हणाले, "या तुम्ही, बघतो." जादा गादीचे पैसे घेतले, तळमजल्याची एकच रूम दिली. प्रत्येक वेळी होईल असं नाही, पण विचारायला काही लागत नाही.

गुरुवारी पहाटे निघालो. सप्तशृंगी गडावर आता पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. रुळांवरून डबा सरळ वर जातो. आई आत बसली, हात जोडले ते दर्शन होईपर्यंत सोडलेच नाहीत. खाली आल्यावर एवढंच म्हणाली, "आता कापू दे डॉक्टरला."

रात्री रिसॉर्टच्या गॅलरीत बसलो होतो. समोर धुकं, काही दिसत नव्हतं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काय रे, आपण तेव्हा फसलो का?"

जन्मभर दुसऱ्याचा हिशेब चोख ठेवणारा माणूस हे विचारत होता. मला "नाही हो बाबा" म्हणता आलं असतं. पण मेहताजीला खोटा हिशेब कसा दाखवणार? मोबाईल काढला. साडेतीन लाख भागिले पंचवीस, वर्षाला १४,००० रुपये. देखभालीचं वार्षिक शुल्क १८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २१,२४०. एकूण ३५,२४०. सातही रात्री वापरल्या तर रात्रीला साधारण पाच हजार. दोनच वापरल्या तर साडेसतरा हजारांच्या वर. आणि एकही नाही वापरली, तर...

बाबा म्हणाले, "तर पस्तीस हजाराचा एक गोव्याचा फोटो." आणि हसले. मीही हसलो. पण वाईट वाटलं, कारण नऊ वर्षांत मी एकदाही ती फाइल उघडून वाचली नव्हती. घरात मी एकटा इंजिनिअर. वाचायला मला वीस मिनिटं लागली असती.

तर माझं मत. नवीन घ्यायचंय का? ज्याची सुट्टी आधी ठरत नाही त्याने घेऊ नये. त्याच पैशात साधं हॉटेल बुक करा, नको झालं तर पुढच्या वर्षी नाही गेलात. सही केलीच असेल तर करार रद्द करायची मुदत किती ते त्याच दिवशी बघा आणि लेखी कळवा. सांगितलेलं एक आणि दिलेलं दुसरं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पण घरात जुनी फाइल असेल, पैसे गेलेलेच असतील, तर आईबाबांना बोलू नका. फाइल काढा. चार गोष्टी एका कागदावर लिहा: किती रात्री शिल्लक, त्या कधी बाद होणार, फुकट रद्द करायची मुदत किती, आणि घरापासून पाच तासांत कोणती रिसॉर्ट. तो कागद फ्रिजवर लावा. ऐनवेळी सुट्टी मिळाली की तोच कामाला येतो.

आमच्या फ्रिजवर लागलाय. बाबांनीच लिहिलाय, वहीच्या पानावर, लाल रेघ मारून, जमा-खर्चासारखा. जमेच्या बाजूला: "यंदा शिल्लक रात्री ५." मेंबरशिप २०४१ पर्यंत आहे. आई वॉकर घेऊन घरात फिरायला लागलीये आणि रोज त्या कागदापुढे थांबते. काल विचारत होती, "गणपतीनंतर लूम कधी बंद असतात रे?"

बघतो म्हटलं. दोन दिवस आधी कळलं तरी पुरे.

एपिसोड आवडला तर ज्यांच्या घरात अशी फाइल आहे त्यांना पाठवा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!